सेन्सर मोठा की लेन्स चांगली? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत : फुल-फ्रेम (प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला) कॅमेरा घ्यावा की क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरचा), आणि त्याला कोणती लेन्स लावावी. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी हौशी नाटकांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे कॅननचा क्रॉप-सेन्सर डीएसएलआर, १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) आणि ५५-२५० ची झूम आहे. नाट्यगृहात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि नटांच्या चेहऱ्यांवर दाणे दिसतात. दुकानदारांचे म्हणणे असे, की हे सर्व विकून फुल-फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी आणि तिच्यासोबत येणारी २४-१०५, एफ ४ ते ७.१ ही लेन्स घ्यावी. त्यापलीकडे माझे बजेट जाणार नाही. काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : हा व्यवहार आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण आकड्यांतच आहे.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चौकटीचे हेच माप १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे रूढ झाले आणि डिजिटल काळातही टिकून राहिले. आपल्या कॅमेऱ्यातील सेन्सर सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळ काढले, तर फुल-फ्रेम त्याच्या साधारण २.६ पट भरतो. तेच अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जेवढा लहान, तेवढे ते मोठे), तोच शटर स्पीड आणि तीच चौकट ठेवली, तर मोठ्या सेन्सरवर एकूण २.६ पट प्रकाश जमा होतो आणि त्या प्रमाणात दाणे कमी दिसतात. प्रकाश दुप्पट होण्याला फोटोग्राफर एक स्टॉप म्हणतात, त्याहून हा फायदा थोडा अधिक आहे. फायदा खरा आहे. पण तो 'तेच अ‍ॅपर्चर' या अटीवर मिळतो, आणि आपल्याला सुचवलेल्या लेन्समध्ये नेमकी तीच अट मोडते.

समजा, नव्या कॅमेऱ्यावर आपण २४-१०५ पूर्ण लांबवून १०५ वर नेली. तेथे तिचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर एफ ७.१ आहे. तेवढीच चौकट आपल्या सध्याच्या कॅमेऱ्यावर साधारण ६५ मिलिमीटरला मिळते आणि आपली ५५-२५० तेथे एफ ४.५ च्या आसपास उघडते. एफ ४.५ वरून ७.१ वर जाताना प्रकाश सुमारे अडीच पटींनी घटतो. म्हणजे सेन्सरने जे २.६ पट मिळवले, ते लेन्सने जवळजवळ पूर्ण परत घेतले. नव्या पिढीच्या सेन्सरमुळे आणि ऑटोफोकसमुळे काही सुधारणा जाणवेल. परंतु ज्या दाण्यांच्या त्रासासाठी आपण सगळे साहित्य विकायला निघाला आहात, त्यात फारसा फरक पडणार नाही. शिवाय आज २५० पर्यंत मिळणारा पल्ला हातचा जाईल, तो वेगळाच.

आता दुसरा मार्ग पाहा. हीच बॉडी ठेवून ८५ मिलिमीटर, एफ १.८ ही ईएफ माउंटची (आपल्या कॅमेऱ्याच्या जोडणीची) प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घ्यावी. जुन्या बाजारातही ती सहज मिळते. आपली झूम ८५ च्या आसपास एफ ४.५ लाच थांबते. तेथून १.८ वर आल्यावर प्रकाश सव्वासहा पट होतो, म्हणजे जेथे आयएसओ ६४०० लागत होता, तेथे १००० च्या जवळपास काम भागते. कोणतीही नवी बॉडी एवढी मोठी उडी मारून देणार नाही. मात्र फोकस काटेकोर ठेवावा लागेल, कारण या अ‍ॅपर्चरला दोन नट मागेपुढे उभे असतील, तर दोघेही स्पष्ट येणार नाहीत. अशा प्रवेशात एफ २.८ पर्यंत यावे.

झूम सोडून प्राइमवर आल्यावर बसण्याची जागा आधी ठरवावी लागते. आपल्या सेन्सरवर ८५ ची लेन्स दहा मीटर अंतरावरून आडव्या चौकटीत सुमारे २.६ मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच एवढा भाग टिपते. उभा नट त्यात जेमतेम मावतो, कमरेपासून वरचे दोघे नीट मावतात. पूर्ण नेपथ्य हवे असल्यास १८-५५ आहेच. तशा दृश्यात सहसा रंगमंच उजळलेला असतो आणि चेहरे लहान असतात, त्यामुळे तेथे दाणे खुपत नाहीत. यानंतर पैसे उरले, तर ५० मिलिमीटर, एफ १.८ ही स्वस्त लेन्स जोडावी.

रंगमंचाबाबत दोन गोष्टी सेन्सरच्या आकाराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. काळ्या पडद्यापुढे उजळलेला चेहरा असला, की कॅमेऱ्याचा मीटर काळोखाला भुलतो आणि चेहरा पांढराफटक करून टाकतो. म्हणून मॅन्युअलवर यावे, स्पॉट मीटरिंगने (फक्त छोट्या भागाचा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने) चेहरा मोजावा आणि तो प्रवेश संपेपर्यंत आकडे बदलू नयेत. दुसरे असे, की पुढे कधी मिररलेस घेतलात आणि आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलेत, तर एलईडी दिव्यांच्या प्रकाशात चित्रावर आडवे पट्टे उमटण्याचा संभव असतो. प्रयोगापूर्वी त्याच दिव्यांखाली चाचणी घेऊन पाहावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पाया घातला तो आपल्या गावात. तेथील हौशी रंगभूमीची नीट जपलेली छायाचित्रे पुढच्या पिढीला हवीच आहेत आणि आपण हे काम सोडू नये, ही मनापासून विनंती.

फुल-फ्रेम कधी घ्यावा, हेही सांगतो. एफ १.८ ची लेन्स लावूनही अंधाऱ्या प्रवेशात आयएसओ पुन्हा ६४०० वर जात असेल, तर त्यापुढची सुधारणा केवळ मोठा सेन्सरच देऊ शकतो. त्या वेळी ही ८५ ची लेन्स वाया जाणार नाही. ती मूळची फुल-फ्रेमसाठी बनलेली आहे आणि अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटवर ऑटोफोकससह चालते.

प्रश्न : कासच्या पठारावरील फुलांची छायाचित्रे काढण्यासाठी निकॉनच्या माझ्या क्रॉप कॅमेऱ्याऐवजी फुल-फ्रेम घ्यावा, असे मित्रमंडळी सुचवतात. मॅक्रो लेन्सही (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी) घ्यायची आहे. ४० मिलिमीटरची डीएक्स (निकॉनच्या क्रॉप कॅमेऱ्यांसाठीची) मॅक्रो परवडते. ९० ची त्याहून महाग पडते. – एक वाचक, सातारा

उत्तर : बॉडी बदलू नका. मॅक्रोच्या कामात क्रॉप-सेन्सर कमी प्रतीचा असतो, हा समज अनुभवाला उतरत नाही.

मॅक्रो लेन्सवर १:१ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. फुल-फ्रेमवर या प्रमाणात ३६ मिलिमीटर रुंदीचा भाग चौकट भरतो, तर आपल्या निकॉनवर साडेतेवीस मिलिमीटरचा. सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे फूल बोटाच्या पेराहूनही लहान असते आणि दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब तर त्याहून कितीतरी लहान. एवढ्या लहान विषयासाठी छोटा सेन्सर चौकट लवकर भरतो, हे आपल्या सोयीचेच आहे. शिवाय तीच चौकट आणि तेच अ‍ॅपर्चर ठेवले, तर छोट्या सेन्सरवर फोकसची खोली (मागेपुढे स्पष्ट दिसणारे अंतर) अधिक मिळते, आणि मॅक्रोमध्ये सर्वाधिक टंचाई तिचीच असते. ती वाढवण्यासाठी एफ २२ पर्यंत जाण्याचा मोह मात्र टाळावा. १:१ ला प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर लेन्सच्या मूळ एफ आकड्याच्या सुमारे दुप्पट आकड्याचे, म्हणजे बरेच बारीक, होते. एफ ८ लावले, तरी ते १६ सारखे वागते आणि त्यापुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) चित्र मऊ पडत जाते. एफ ८ ते ११ च्या दरम्यान राहावे.

लेन्सच्या निवडीत मात्र मी महागडीच्या बाजूने आहे. ४० मिलिमीटरची लेन्स १:१ ला आली, की तिचे पुढचे टोक आणि फूल यांत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर अंतर उरते. लेन्सची सावली फुलावर पडते, पाकळ्यांवरचा थेंब हलतो आणि मुख्य म्हणजे एवढे जवळ जाण्यासाठी वाट सोडून आत पाऊल टाकावेसे वाटते. ९० च्या लेन्सला बारा-चौदा सेंटिमीटर मोकळे मिळतात. वाटेच्या कडेला बसून काठावरचे फूल टिपता येते. कास पठाराचा २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समावेश आहे आणि तेथील कातळावरचा मातीचा थर इतका पातळ आहे, की एका पावलाखाली पुढच्या हंगामाची रोपेही दडपली जाऊ शकतात. छायाचित्रासाठी गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांवर गुडघे टेकून बसलेली माणसे पाहिली, की वाईट वाटते. लेन्स लांबची असेल, तर हा मोह कमी होतो. माझ्या लेखी ९० घेण्यासाठी हे एक कारणही पुरेसे आहे.

सोनकीने पिवळे झालेले अख्खे पठार चौकटीत घ्यायचे असेल, तर प्रश्न बदलतो. फुल-फ्रेमवर १६ मिलिमीटरला जो विस्तार मिळतो, त्यासाठी निकॉनच्या क्रॉपवर साडेदहा-अकरा मिलिमीटर लागतात. १०-२० ची डीएक्स लेन्स हे काम करते आणि ती हलकीही आहे. मात्र आपला निकॉन जुना डीएसएलआर असेल, तर तिच्यावर ऑटोफोकस चालतो की नाही, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

आणखी एक सूचना साताऱ्याच्या हवेमुळे करावीशी वाटते. कासच्या धुक्यातून आणि भुरभुरत्या पावसातून परतल्यावर कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवू नये. रात्रभर उघड्यावर वाळू द्यावा आणि मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. भिंगांच्या आत एकदा बुरशीचे जाळे धरले, की ते साफ करण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो.

प्रश्न : मी कराडला लग्नांची कामे करतो. सध्या क्रॉप बॉडी आहे, दोन वर्षांनी फुल-फ्रेम घेणार आहे. आतापासूनच फुल-फ्रेमची २४-७०, एफ २.८ घेऊन ठेवावी का? लेन्स क्रॉपची की फुल-फ्रेमची, हे ओळखावे कसे? – एक वाचक, कराड

उत्तर : ओळखणे सोपे आहे. लेन्स सेन्सरवर गोलाकार प्रतिमा टाकते. फुल-फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटरचा असल्याने त्याच्या लेन्सला तेवढे वर्तुळ झाकावे लागते. क्रॉपला २७-२८ मिलिमीटरचे पुरते. म्हणून क्रॉपची लेन्स फुल-फ्रेमवर लावली, तर कोपरे काळे येतात किंवा कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो, आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स तर फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. कॅननमध्ये ईएफ-एस आणि आरएफ-एस, निकॉनमध्ये डीएक्स, सिग्मामध्ये डीसी, टॅमरॉनच्या डीएसएलआर लेन्समध्ये डीआय-टू ही अक्षरे क्रॉपची खूण आहेत. सोनीत ई म्हणजे क्रॉप आणि एफई म्हणजे फुल-फ्रेम. याउलट फुल-फ्रेमची लेन्स त्याच माउंटच्या क्रॉप बॉडीवर निर्धास्त चालते.

तरीही २४-७० आताच घेऊ नये, असे मी म्हणेन. क्रॉपवर ती ३६-१०५ सारखी वागते. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या दोन्ही बाजू, मामा, भटजी आणि करवल्या एका चौकटीत घ्यायच्या असतात, मागे मंडपाचा खांब असतो आणि मागे सरकायला जागा नसते. तेथे २४ अपुरी पडते आणि ते क्षण पुन्हा घडवून आणता येत नाहीत. दोन वर्षे रोजची कामे याच बॉडीवर करायची आहेत, तर १७-५० किंवा १८-५० या पल्ल्यातील एफ २.८ ची क्रॉप लेन्स घ्यावी. जुनी मिळाली, तर उत्तमच. फुल-फ्रेम घेताना ती विकता येईल. आता पुढच्यासाठी काही घ्यायचेच असेल, तर ८५ ची प्राइम घ्या; वधूवरांच्या स्वतंत्र छायाचित्रांसाठी ती दोन्ही सेन्सरवर उपयोगी पडते. मात्र दोन वर्षांनी डीएसएलआर सोडून मिररलेसकडे जाणार असाल, तर माउंट बदलेल, हे लक्षात ठेवूनच किती पैसे गुंतवायचे, ते ठरवा.

प्रश्न : काकांनी दिलेली निकॉनची जुनी ५० मिलिमीटर, एफ १.८ डी लेन्स माझ्या डी५६०० वर लावली, तर फोकस होत नाही. लेन्स बिघडली आहे का? – एक वाचक, विटा

उत्तर : लेन्स बहुधा ठीक आहे. डी प्रकारच्या या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती बॉडीतील मोटरने फिरवली जाते, आणि डी५६०० मध्ये तशी मोटर नाही. डी७२०० किंवा डी७५० सारख्या बॉडीवर तीच लेन्स ऑटोफोकस करील. आपल्या कॅमेऱ्यावर हाताने फोकस करावा. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातील हिरवा ठिपका स्थिर झाला, की फोकस जुळला असे समजावे. लेन्सवरील अ‍ॅपर्चरची कडी २२ वर नेऊन लॉक केलेली असावी, अन्यथा पडद्यावर एफ-ई-ई अशी सूचना येते आणि शटर दबत नाही. ऑटोफोकस हवाच असेल, तर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली (आत मोटर असलेली) लेन्स घ्यावी. ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची डीएक्स लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर घरगुती प्रसंगांसाठी उत्तम आहे.