आधी मोडलेलं जोडायला शीक

बाय,

म्हापशाच्या बाजारात भेटलीस तेव्हा शुक्रवारची गर्दी होती, धड बोलणं झालं नाही. पण "काका, या सोनारकामात आता नोकरी आहे का?" एवढं विचारून तू गप्प राहिलीस ते मनातून जात नाही. वडील गेल्यापासून त्यांच्या ऐरणीवर फडकं घातलेलं, आई सरकारी नोकरीचे फॉर्म आणते, मैत्रीण म्हणते शोरूमच्या काउंटरला लाग. मुलीने फुंकणी धरायची का, असंही कुणी म्हणालं असेल. त्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

नोकऱ्या आहेत. काउंटरची आहे, संगणकावर डिझाइन काढायची आहे. 2021 च्या जूनपासून हॉलमार्क सक्तीचा झाला, 2023 च्या एप्रिलपासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला, तेव्हा तपासणी केंद्रांनाही माणसं लागतात. यातलं काहीही कर, पण त्याआधी दुरुस्ती शीक. साखळी आज मशीन विणतं, अंगठी मेणात छापून ओततात. तुटलेली साखळी मात्र मशीनकडे परत जात नाही. ती कुणातरी माणसाच्या हातात येते. शोरूमवाला म्हणतो, मोडीत घाला, नवीन घ्या. आणि समोरच्या बाईला मोड नको असते, तिला आईची बोरमाळ हवी असते.

माझ्या वडिलांनी हे ओळखलं होतं. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचा नवा डाग, म्हणजे दागिना, घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांच्या बागेसऱ्या, म्हणजे शेगड्या, थंड पडल्या. आमच्या घरची चूल जुन्याच्या डागडुजीवर पेटत राहिली. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदा गेला आणि मला वाटलं, आता आपण घडवणारे. कडी बसवायला, तार बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी 'वेळ नाही' म्हणून परत पाठवायचो. पुढे तयार माल आला, घडणावळ पडली, आणि दुरुस्तीला माझ्याकडे कुणी येईना. मीच त्यांना वाट दाखवली होती ना! तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा खर्च होता, घडवण्यात पैसा दिसत होता. सगळाच मूर्खपणा होता असं मी आजही मानत नाही. पण ती पंधरा वर्षं परत मिळाली तर दुरुस्तीचं एक काम परत पाठवणार नाही.

दुरुस्ती हलकी समजू नकोस. नव्या सोन्याचा कस तुला माहीत असतो. जुन्या डागात कुणी कधी कसला डाक, म्हणजे सांधा जोडायचा धातू, ओतला आहे ते कळत नाही. बोरमाळेचा मणी वरून सोनं, आत लाख. एकदा घाईत मी तशा मण्याशेजारी सरळ ज्योत लावली. लाख उकळली, मणी फुटला, आणि त्या म्हातारीने तो तळहातावर घेऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून आधी मणी सोडवायचे, मोती काढायचे, जुन्या सांध्यांवर गेरूचा लेप द्यायचा म्हणजे तिथला डाक पुन्हा वाहत नाही, मग सवागी (टाकणखार) लावून हलक्या आचेचा डाक. हात लावण्याआधी वजन गिऱ्हाइकासमोर, काम झाल्यावर पुन्हा समोरच. आणि कॅडमियमचा डाक कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नकोस, त्याचा धूर फुप्फुसं खातो.

कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेचं विचारत होतीस. अठरा व्यवसायांत सोनार आहे, अवजारांना पंधरा हजार, प्रशिक्षणात दिवसाला पाचशे, पुढे पाच टक्क्यांनी एक लाखापर्यंतचं पहिलं कर्ज. जरूर घे. पण ती हाताने काम करणाऱ्यासाठी आहे, तेव्हा फॉर्मच्या आधी हात कामाला लागू दे. डिझाइनचा कोर्स नंतर कर. ज्याने तुटलेली कडी पाहिली आहे, तोच न तुटणारी कडी काढू शकतो. हे मी शंभरदा सांगेन, कंटाळलीस तरी सांगेन.

वडिलांची जंत्री, म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी, भंगारात द्यायचा विषय घरात निघाला आहे म्हणे. देऊ नकोस! तिची बारीक भोकं अजून शाबूत असतील, नथीची तार ओढायला तीच लागेल. येत्या सोमवारी ती घेऊन ये. माझ्याकडे एक मंगळसूत्राची वाटी आली आहे, कडी झिजून धाग्याएवढी उरली आहे. तिला हात न लावता ठेवली आहे.

तुझा काका