मुलाची खोली जुन्या वस्तू आणि घरच्यांच्या चित्रांनी सजवायची असल्यास काय काळजी घ्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, सहा वर्षांच्या मुलाची खोली केवळ जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तू आणि घरातल्या माणसांनी काढलेली चित्रे यांनीच सजवायची आहे. मात्र ती अडगळीच्या खोलीसारखी दिसता कामा नये. माझ्या मुलीची खोली आम्ही अशीच लावली. त्यात जे जमले आणि जे फसले, त्यावरून हे लिहीत आहे.

खोलीला अडगळीची कळा येते ती वस्तू जुन्या असतात म्हणून नव्हे, तर दिसेल ते उचलून आणले जाते म्हणून. यासाठी बाजारात जाण्यापूर्वी घरातली चित्रे जमिनीवर मांडून पाहावीत आणि त्यांतले एक मुख्य म्हणून निवडावे. आमच्याकडे माझ्या वडिलांनी काढलेले जलरंगातले एक चित्र होते: भरून आलेले आभाळ आणि कोपऱ्यात विटकरी रंगाचे इवलेसे छप्पर. त्यातले राखाडी-निळा आणि विटकरी हे दोनच रंग आम्ही खोलीसाठी ठरवले आणि पुढची सारी खरेदी त्या मापाने केली. तीन ठिकाणांहून आणलेली खुर्ची, कपाट आणि दिवा या रंगांमुळे एकमेकांना शोभू लागली. एक सुरेख हिरवे टेबल मात्र मी हळहळत सोडून दिले. ते सोडले नसते तर पुढे आणखी चार वस्तूंचा मोह आवरला नसता.

जुने लाकूड घेताना रूपापेक्षा प्रकृती पाहावी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांत त्यावर 1978 मध्ये बंदी आली. अनेक देशांत ती त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, त्यामुळे पोपडे धरलेली, रंगाचे अनेक थर चढलेली वस्तू घरी आणून पॉलिश पेपरने कोरडी घासत बसणे हा सर्वांत धोक्याचा उद्योग होय, कारण ती बारीक धूळ घरभर पसरते. शंका असेल तर ती वस्तू मुलाच्या खोलीपुरती तरी नको. लाकडावर बारीक भोके असतील तर खाली काळा कागद धरून टकटक करावे. ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता असते. सांधे आणि स्क्रूची भोके टॉर्चच्या उजेडात तपासावीत, कारण ढेकूण तिथेच दडतात. जुनी गादी घेऊच नये. कपाट किंवा खणांचे टेबल कितीही जड वाटले तरी ते लोखंडी कोनाने भिंतीला पक्के जखडावे. मूल उघड्या खणांवर पाय देऊन चढते आणि सगळे धूड त्याच्या अंगावर येऊ शकते.

आता चित्रांविषयी, कारण आमची खरी चूक तिथे झाली. मुलीने चौथ्या वर्षी स्केचपेनने एक गुलाबी हत्ती काढला होता. तो आम्ही हौसेने फ्रेम करून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला, जिथे दुपारभर ऊन येते. वर्षभरात हत्ती इतका विटला की पेन्सिलीची बाह्यरेषा आणि काळा डोळा एवढेच उरले, आणि एके सकाळी तिने विचारले, “हत्ती कुठे गेला?” स्केचपेनची शाई उन्हात फार लवकर उडते, पेन्सिल पुष्कळ टिकते. तेव्हापासून आम्ही मूळ चित्र 300 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन करतो, त्याची प्रत भिंतीवर लावतो आणि मूळ कागद आम्लविरहित (म्हणजे चित्राला पिवळे न पाडणाऱ्या) कागदात गुंडाळून अंधाऱ्या खणात ठेवतो. वडिलांचे चित्रही मग उन्हाच्या भिंतीवरून काढून दाराशेजारी हलवले. जुन्या फ्रेमा अवश्य घ्याव्यात, पण काच काढून तिथे अ‍ॅक्रिलिकची शीट बसवावी, आणि पलंगाच्या डोक्याशी जड फ्रेम मुळीच टांगू नये.

चित्रे टांगताना आपण नकळत आपल्या डोळ्यांची उंची धरतो. सहा वर्षांच्या मुलासाठी चित्राचा मध्य जमिनीपासून 100 ते 110 सेंटीमीटरवर असावा. मोठ्यांना थोडे वाकावे लागेल, ते वाकतील. त्याच्याही खाली एक सुतळी बांधून तिला लाकडी चिमटे अडकवावेत आणि तिथे काय लागेल, काय उतरेल याचा निर्णय सर्वस्वी मुलाकडे द्यावा. आमच्याकडे त्या सुतळीवर दोन महिने फक्त एका बुटाच्या खोक्याचे झाकण लटकत होते. मला ते खुपत असे, परंतु मी हात लावला नाही.

प्रत्येक चित्राच्या पाठीमागे कोणी काढले, केव्हा काढले आणि काढणाऱ्याने त्याला काय म्हटले, एवढे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि चिकटपट्टीचा पिवळा डाग कागदावरून जात नाही.