क्लॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेतल्या लीगल रीझनिंगमध्ये (उताऱ्यातला नियम दिलेल्या घटनेला लावायचा विभाग) शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा निवडतो. कायद्याची कलमं पाठ करावीत का?

नका करू. निदान क्लॅटसाठी तरी नका.

तुम्ही लिहिलंय की बारावी कॉमर्सला आहात, डिसेंबरमधली क्लॅट आणि त्यानंतरची एमएच सीईटी लॉ (महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा) अशा दोन्ही परीक्षा देणार आहात, तयारीला सहा महिने पुरतील का असंही विचारलंय, आणि क्लासच्या सरांनी भारतीय न्याय संहिता, करार कायदा आणि दोनशे लॅटिन मॅक्सिम (कायद्याची सूत्रवचनं) पाठ करायला सांगितलेत. हा सल्ला माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. आमच्या स्टाफरूममधले एक सहकारी याच मुद्द्यावर माझ्याशी अजून भांडतात. त्यांचं म्हणणं, कायदा माहीत असलेल्या मुलाला उतारा वाचायला कमी वेळ लागतो. माझं म्हणणं, कमी वेळ लागतो कारण तो उतारा वाचतच नाही.

ज्या प्रश्नावरून आमचं वाजलं तोच इथे सोडवतो. तुमची दोन पर्यायांची अडचण त्यातच सापडेल.

उताऱ्यातला नियम थोडक्यात असा: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जो हलवतो तो चोरी करतो. अप्रामाणिकपणे म्हणजे कोणाला तरी गैर लाभ किंवा गैर हानी व्हावी या हेतूने. दुरुस्ती करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे, हेही उताऱ्यात दिलंय. आता घटना: एकाने आपली मोटरसायकल गॅरेजमध्ये दुरुस्तीला टाकली. बिल झालं ३,४०० रुपये. पैसे द्यायचे नाहीत असं ठरवून तो रात्री आला आणि घरच्या दुसऱ्या किल्लीने गाडी घेऊन गेला. चोरी झाली का?

पर्याय अ: नाही, कारण गाडी त्याच्याच मालकीची आहे. पर्याय ब: हो, कारण गाडी कायदेशीरपणे गॅरेजवाल्याच्या ताब्यात होती आणि मजुरी बुडवण्याच्या हेतूने त्याच्या संमतीशिवाय नेली. पर्याय क: नाही, हा फक्त पैशांचा वाद आहे. पर्याय ड: हो, कारण त्याने रात्री, लपूनछपून नेली.

बहुतेक मुलं अ आणि ब मध्ये अडकतात. जरा हुशार मुलं ब आणि ड मध्ये. दोन्ही अडकण्यांची कारणं वेगळी आहेत आणि औषधंही वेगळी.

अ मध्ये अडकणारा नियमात नसलेला शब्द घालतो. नियमात 'मालकी' कुठेच नाही, 'ताबा' आहे. आपल्याला रोजच्या व्यवहारात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची वस्तू नेणं एवढंच माहीत असतं, आणि ते आपण नकळत नियमात ढकलतो. यावर उपाय एकच: नियमाचे तुकडे करून पुस्तिकेच्या समासात लिहायचे. इथे पाच तुकडे होतात: जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, हलवली, अप्रामाणिक हेतू. प्रत्येकापुढे घटनेतलं वाक्य शोधून खूण करायची. वाक्य सापडलं तर बरोबरची खूण, उलट सापडलं तर फुली, काहीच सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाच्या जागी अंदाज भरायचा नाही. 'गॅरेजवाल्याने बिल जास्तच लावलं असेल' हे घटनेत लिहिलेलं नाही, म्हणजे ते घडलेलंच नाही. हे सगळं करायला सवयीनंतर वीस-पंचवीस सेकंद लागतात.

ड मध्ये अडकणाऱ्याचं 'हो' बरोबर असतं, पण त्यामागचं कारण चुकीचं असतं. रात्र आणि लपूनछपून हे नियमाचे घटकच नाहीत. त्याने भरदिवसा, सगळ्यांसमोर नेली असती तरी पाचही खुणा तशाच राहिल्या असत्या. म्हणून पर्याय वाचताना 'हो' किंवा 'नाही' झाकून ठेवा आणि आधी 'कारण' नंतरचा भाग वाचा. तो भाग समासातल्या तुकड्यांपैकी कशाशी जुळतो? कशाशीच जुळत नसेल तर पर्याय बाद, मग त्याचा निकाल कितीही पटो. शेवटी उरणाऱ्या दोन पर्यायांमधला फरक बहुधा निकालात नसतो, कारणात असतो. क तर लगेच जातो. पैशांचा वाद असणं आणि चोरी असणं या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि नियमात 'फक्त' असं काही म्हटलेलं नाही.

उत्तर ब.

सहकारी तेव्हा म्हणाले, बघा, कलम पाठ असतं तर हा प्रश्न दहा सेकंदांत सुटला असता. त्यांचं एका अर्थी बरोबर होतं. १८६०च्या दंड संहितेतल्या कलम ३७८खाली दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाची उदाहरणं आहेत, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ झालं तरी ती उदाहरणं तशीच आहेत. दुरुस्तीचे पैसे थकलेत आणि घड्याळजीने ते घड्याळ तारण म्हणून ठेवून घेतलंय, तर मालकाने ते उचलून नेणं ही चोरी ठरते.

पण परीक्षक तिथेच थांबत नाही. त्याच उताऱ्यावरचा पुढचा प्रश्न असा येतो: बिल आदल्या दिवशीच भरलं होतं, गॅरेज बंद होतं, मालक दुसऱ्या किल्लीने गाडी घेऊन गेला. गाडी जंगम वस्तू, ताबा गॅरेजवाल्याचा, संमती नाही, गाडी हलवली. चार खुणा तशाच. पण गैर लाभही नाही आणि गैर हानीही नाही, म्हणून चोरी नाही. त्यापुढचा: बिल भावाने भरलंय असं त्याला खरोखर वाटत होतं, प्रत्यक्षात भरलेलं नव्हतं. इथेही हेतूच्या तुकड्यावर फुली. पाठ करणाऱ्याच्या डोक्यात मात्र 'स्वतःची वस्तूही चोरता येते' एवढंच वाक्य उरलेलं असतं, आणि तो तिन्ही ठिकाणी 'चोरी' वर उत्तरपत्रिकेतला गोळा भरून मोकळा होतो.

याहून वाईट म्हणजे उताऱ्यातला नियम खऱ्या कायद्याच्या विरुद्ध असतो तेव्हा. समजा उताऱ्यात लिहिलंय की पालकांच्या लेखी संमतीने अल्पवयीन मुलाने केलेला करार बंधनकारक आहे. ज्याने १९०३चा मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) निकाल घोकलाय तो 'अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल' असं म्हणून मोकळा होतो. त्याला कायदा येतो, गुण मात्र जातो. क्लॅटमध्ये उतारा हाच कायदा. तुमचं मत, वर्तमानपत्रातली बातमी आणि तुमच्या वकील काकांचा अनुभव, तिन्ही दाराबाहेर.

उतारे साधारण साडेचारशे शब्दांचे असतात आणि त्यांची एक ठरलेली लबाडी आहे. सर्वसाधारण नियम सुरुवातीला ठळकपणे येतो, अपवाद शेवटच्या परिच्छेदात 'तथापि' च्या मागे दडलेला असतो, आणि प्रश्न त्या अपवादावर घातलेले असतात. वाचताना 'परंतु', 'वगळता', 'अन्यथा' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले की गोल करा. पहिल्या वाचनात एवढंच काम. आधी प्रश्न वाचून मग उताऱ्याकडे जाण्याची पद्धत इंग्रजीच्या विभागात चालते. लीगलमध्ये ती नुकसान करते, कारण मग डोळे फक्त घटनेतले शब्द शोधत राहतात आणि अपवाद नजरेतून निसटतो.

लॉजिकल रीझनिंग, म्हणजे तर्काच्या विभागाचंही थोडं सांगतो. गृहीतकाचा प्रश्न असेल तर पर्याय उलटा करून बघा. 'हेल्मेटसक्तीनंतर दुचाकीस्वारांचे मृत्यू घटले, म्हणून सक्ती यशस्वी झाली' असा युक्तिवाद आहे समजा. पर्याय म्हणतो, 'त्या काळात दुचाकींची वर्दळ फारशी घटली नव्हती.' उलटा करा: वर्दळच निम्म्यावर आली होती. मग सक्तीला श्रेय कशाचं? युक्तिवाद कोसळला, म्हणजे हे गृहीतक होतं. उलटा करूनही युक्तिवाद उभा राहत असेल तर पर्याय सोडून द्या.

आता हिशेब. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. चारही पर्याय सारखेच वाटत असताना ठोकून दिलं तर सरासरी फायदा ०.०६ गुण, म्हणजे जवळजवळ शून्य. एक पर्याय बाद करता आला तर ०.१७. दोन उरले असतील तर ०.३७५. त्यामुळे दोनांत अडकलात तर प्रश्न कोरा सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे. पंचेचाळीस सेकंद द्या, 'कारण' च्या भागावर निर्णय घ्या, पुढे चला. लीगलचे २८ ते ३२ प्रश्न असतात, त्यांना अडतीस मिनिटांच्या वर देऊ नका. चालू घडामोडींना बारा मिनिटं पुरेत, तिथे विचार करून काही उगवत नाही. गोळे बॉलपेनने भरायचे असतात, खोडता येत नाहीत, म्हणून प्रत्येक उतारा संपला की त्याचे गोळे लगेच भरा. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे भरू म्हणणारे एक ओळ सरकवतात आणि पुढचे सगळे गोळे चुकतात.

उत्तरसूचीशी फार भांडू नका, पण तिला देवही मानू नका. डिसेंबर २०२४च्या क्लॅटमधल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत चूक असल्याचं दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सरावात उत्तर पटलं नाही तर नियमाचे सगळे तुकडे कागदावर मांडा. मांडता आले नाहीत तर चूक तुमची.

सरावासाठी २०१९पर्यंतचे जुने पेपरही काढा. तेव्हा दोनशे प्रश्न असायचे आणि लीगलमध्ये चार ओळींचा नियम, चार ओळींची घटना अशी रचना होती. वेळेच्या सरावाला ते निरुपयोगी आहेत, पण तुकडे करायची सवय लावायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. रोज पंधरा. चुकलेल्या प्रश्नापुढे 'सिली मिस्टेक' लिहायचं नाही. घटक सुटला, बाहेरची माहिती घातली, अपवाद वाचला नाही, किंवा कारण न बघता निकालावर भाळलो, या चारांतलं एक लिहायचं. तीन आठवड्यांत एकच कारण सारखं दिसायला लागतं.

एक राहिलं, आणि ते आधीच सांगायला हवं होतं. एमएच सीईटी लॉचं गणित वेगळं आहे. तिथे मॅक्सिमचा अर्थ, राज्यघटनेचे अनुच्छेद, रिटचे (न्यायालयाच्या विशेष आदेशांचे) प्रकार थेट विचारतात, आणि ऋण गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस डोळ्यांसमोर असेल तर सरांची यादी तिथे कामाची आहे. तेवढ्यापुरते माझे सहकारी बरोबर आहेत, आणि त्यांनी हे वाचलं तर तेवढंच वाक्य स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवतील. पण ती यादी क्लॅट संपल्यावर हातात घ्या. दोनशेही लागत नाहीत, जुन्या पेपरांत आलेली साठ-सत्तर बास.

सहा महिने पुरतील का, हे तुमच्या इंग्रजी वाचनाच्या वेगावर आहे, कारण क्लॅट फक्त इंग्रजीत होते. साडेचारशे शब्दांचा उतारा घड्याळ लावून वाचा. तीन मिनिटांत वाचून नियम आणि अपवाद स्वतःच्या शब्दांत सांगता आले तर पुरतील. पाच मिनिटं लागत असतील तर पहिले दोन महिने मॉक (सराव परीक्षा) देऊ नका, फक्त वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. मूळ इंग्रजी आधी वाचा, अडलेला परिच्छेद मराठीत बघा आणि परत इंग्रजीकडे या. रोज चार पानं.