वाचकांचे प्रश्न : दुपारी कढत, पहाटे गार

प्रश्न : आम्ही साताऱ्याजवळ राहतो. तांब्याच्या नळ्या पत्र्याला डाख देऊन बसवल्या, त्यांना काळा रंग दिला, खाली थर्माकोल आणि वर काच घालून उन्हावर पाणी तापवण्याचे २ चौरस मीटरचे पॅनेल गच्चीवर तयार केले. शेजारीच, पॅनेलच्याच उंचीवर, १०० लिटरची टाकी ठेवली आहे. दुपारी पाणी कढत असते, पहाटे मात्र कोमटसुद्धा मिळत नाही. पॅनेल मोठे करावे का?

उत्तर : पॅनेल मोठे करू नये. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास सुमारे साडेतीन युनिट उष्णता लागते आणि निरभ्र दिवशी एवढ्या आकाराचे, नीट बांधलेले पॅनेल ती देऊ शकते. आपले पाणी दुपारी कढत होते, म्हणजे दोष पॅनेलच्या आकारात नाही. मिळवलेली उष्णता रात्री निघून जाते आहे.

दिवसा तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळाने टाकीत चढते आणि टाकीच्या तळाचे गार पाणी पॅनेलमध्ये उतरते, म्हणून पंपाची गरज पडत नाही. सूर्यास्तानंतर पॅनेल टाकीपेक्षा लवकर निवते. टाकी त्याच उंचीवर असल्यास पॅनेलमधील गार, जड पाणी टाकीच्या तळाकडे सरकते आणि टाकीतले ऊन पाणी उलट पॅनेलमध्ये येऊन आपली ऊब आकाशाला देत राहते. याची खात्री सहज करता येते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पॅनेलच्या वरच्या टोकाशी, नळ जिथे आत शिरतो तिथे, हात लावून पाहावा. तो भाग अजून ऊन लागला, तर उलटा प्रवाह चालू आहे असे समजावे.

उपाय म्हणजे टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच घेणे. वर जाणारा नळ सलग चढता ठेवावा, कारण मध्ये झोळ पडला की तिथे हवा अडकते आणि दिवसाचा प्रवाहही थांबतो. टाकीला चहूबाजूंनी ५० मिलिमीटर जाडीचे ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंचे उष्णतारोधक अस्तर) गुंडाळून वरून पत्रा लावावा. माझ्या मते घरगुती बांधणीत सर्वाधिक हयगय इथेच होते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे. हिवाळ्यातील पाणी महत्त्वाचे असल्याने उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा, म्हणजे २ मीटर लांबीच्या पॅनेलची वरची कड १ मीटर उंच येईल.

थर्माकोल मात्र अवश्य काढावा. पाणी नसताना काचेखालचा पत्रा १०० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि थर्माकोल त्याआधीच मऊ पडून आकसतो. तिथेही रॉकवूलच घालावे. हे काम भल्या सकाळी, काच गोणपाटाने झाकून करावे आणि तापलेल्या रिकाम्या पॅनेलमध्ये गार पाणी कधीही सोडू नये, कारण वाफेने भाजण्याचा आणि सांधे सुटण्याचा धोका असतो.