कधीच न धावलेल्या बाईने घराजवळच्या ५ किलोमीटर दौडीत भाग घ्यावा का?

ताई, नाव नोंदवा.

तुम्ही लिहिलंय की वय ४६, शाळा सुटल्यापासून धावणं नाही, जुळे सोलापुरात तुमच्या घराजवळच्या मंडळाने जानेवारीच्या पहिल्या रविवारी ५ किलोमीटरची दौड ठेवली आहे, आणि रस्त्याच्या कडेला सगळे ओळखीचे उभे असणार म्हणून शेवटची येण्याची भीती वाटते. सोलापुरातल्या अशा छोट्या दौडींत मी बरीच वर्षं धावते आहे. काही दौडींत पाण्याच्या टेबलावर उभी राहिले आहे, काहींत सगळ्यात मागच्या लोकांबरोबर चालत आले आहे. माझं मत असं की पहिल्यांदा धावणाऱ्याने मोठ्या शहरातली मॅरेथॉन शोधूच नये. घराजवळचीच दौड धरावी, आणि ती ओळखीच्या रस्त्यावर आहे म्हणूनच धरावी.

मोठ्या स्पर्धेला गेलेला माणूस तो रस्ता बऱ्याचदा त्याच दिवशी पहिल्यांदा बघतो. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की कुठल्या वळणानंतर चढ लागतो, कुठला गतिरोधक रंग उडाल्यामुळे अंधारात दिसत नाही, कुठल्या अपार्टमेंटपाशी पहाटे कुत्री अंगावर येतात. (तिथे पळू नका. चालत, त्यांच्याकडे न बघता पुढे जा.) मंडळाकडून मार्ग आत्ताच विचारून घ्या आणि आठवड्यातून एकदा सराव त्याच रस्त्यावर करा. सोलापूर लांबून सपाट वाटतं, पण पायांना बारीक चढ कळतात. असा चढ दौडीच्या चौथ्या किलोमीटरला येणार असेल तर पहिला किलोमीटर किती जपून जायचं, हे आधीच ठरवता येतं. बाकीचे दिवस मी कंबर तलावाच्या बाजूला जाते. पहाटे तिथे चालणारे बरेच असतात, त्यामुळे बाईमाणसाला एकटं वाटत नाही.

दौडीला आठ-नऊ आठवडे आहेत, ते पुरतात. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज (उंच, जड काठ्या) ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ते पेलणारे यात्रेच्या कितीतरी आधी सराव सुरू करतात. ऐन दिवशी कोणी नुसत्या हौसेवर पुढे होत नाही. धावण्याचंही तसंच आहे. दमसास लवकर वाढतो, पण पोटऱ्या, घोटे आणि गुडघ्याभोवतालचे स्नायू सावकाश तयार होतात. नव्या माणसाची गडबड इथेच होते: तिसऱ्या आठवड्यात श्वास साथ देतो, म्हणून तो वेग वाढवतो आणि नडगी दुखवून बसतो.

म्हणून आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवस आड करून. सुरुवातीला एक मिनिट हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. एका आठवड्यात ते सहज जमलं तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं धावा, दोन चाला. मग धावणं वाढवत न्या. वेग मोजायला घड्याळ नको. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. हळू म्हणजे किती हळू, हे बहुतेकांना पटतच नाही. शेजारून कोणी झपझप चालत पुढे गेलं तरी चालेल, इतकं हळू.

त्याआधी एक काम मात्र करा. बीपी, शुगर असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवून, धावणार आहे असं सांगून, मगच सुरू करा. छातीत दाब, चक्कर, हात किंवा जबडा दुखणं यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा, कोणाला तरी सांगा आणि लगेच दवाखाना गाठा. ताप असताना धावायचं नाही, दौडीच्या दिवशीसुद्धा नाही.

आता शेवटचं येण्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आधी हिशोब बघा. ताशी ६ किलोमीटरने नुसतं चालत गेलात तरी ५ किलोमीटरला ५० मिनिटं लागतात. मधे मधे धावलात तर ४५ च्या आत याल. अशा दौडीत निम्मी मुलं असतात. ती शिट्टी वाजली की सुसाट सुटतात आणि दीड किलोमीटरवर कंबरेवर हात ठेवून उभी दिसतात. सुरुवातीला तुम्ही मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभ्या राहा. पहिला किलोमीटर ठरवलेल्या वेगानेच जा, मग पुढे लोक आपोआप मागे पडायला लागतात.

आणि समजा आलात शेवटच्या. पूर्व भागातल्या एका दौडीत विड्या वळणाऱ्या काही बायका लेकींसोबत आल्या होत्या. दिवसभर मांडी घालून बसायचं काम, पाठ कायमची धरलेली. शेवटचे दोन किलोमीटर मी त्यांच्याबरोबर होते. दारात उभ्या असलेल्या आज्या 'पद पद' म्हणत होत्या, पुढच्या गल्लीत कोणी 'ओडी ओडी' ओरडलं, कोपऱ्यावरची पोरं 'चला मावशी' करत टाळ्या पिटत होती. तेलुगू, कन्नड, मराठी, सगळं एकाच रस्त्यावर. पहिल्या आलेल्या मुलाला असं काही ऐकायला मिळालं नव्हतं. तो गेला तेव्हा लोक दारात आलेच नव्हते. ओळखीचे लोक रस्त्यावर असण्याला तुम्ही घाबरता आहात, पण चौथ्या किलोमीटरला पाय जड होतात तेव्हा नावाने मारलेली हाक माणसाला ओढून नेते. हे मी स्वतः अनुभवलं आहे आणि माझ्यासोबतच्या बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

आपल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली. ती दहावी आली. आपण तिचं नाव घेतो ते ती अंतिम फेरीत धावली म्हणून. कितवा नंबर, हा प्रश्न दौडीच्या बाहेर उभे असलेल्यांनाच जास्त पडतो.

तरी पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचाराच. शेवटचा माणूस येईपर्यंत दौड संपते तिथली कमान आणि पाणी ठेवणार का? सगळ्यात मागे कोणी स्वयंसेवक असेल का? एका दौडीत मागचे लोक रस्त्यावर असतानाच बक्षीस समारंभ सुरू झाला आणि पाण्याची टेबलं उचलली गेली. मला त्याचा आजही राग येतो. शेवटच्या माणसासाठी थांबायची तयारी नसेल तर मंडळाने दौड ठेवूच नये. नीट उत्तर मिळालं नाही तर निदान एखादी मैत्रीण सोबत घ्या, शेवटपर्यंत एकमेकींना सोडायचं नाही असं ठरवून.

आणखी एक, तुमच्या वेळेची दुसऱ्या दौडीतल्या वेळेशी तुलना करू नका. छोट्या दौडीचं अंतर बऱ्याचदा मोटारसायकलवर मोजलेलं असतं, त्यामुळे ५ चे पावणेपाच किंवा सव्वापाचही निघतात.

बूट धावण्याचे घ्या, पण महिनाभर आधी. कोरे बूट दौडीच्या दिवशी घातले की फोड नक्की. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते टाळा. सलवार-कुडत्यावर धावायला काही हरकत नाही, फक्त ओढणी घरी ठेवा आणि आत घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा हवीच, तिच्यात काटकसर नको. काखेत, मांड्यांना घासतं तिथे व्हॅसलीन लावा.

आदल्या रात्री झणझणीत मटण आणि शेंगाचटणी बाजूला ठेवा, साधा वरणभात बरा. सकाळी निघण्याआधी तासभर एखादं केळं किंवा रोजच्या चहासोबत दोन बिस्किटं. जे सरावाच्या दिवशी पोटाला मानवलं तेच. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सकाळ गार असते, तेव्हा ५ किलोमीटरला मधे दोन-चार घोट पाणी पुरतं. मीठ-साखरेच्या पुड्यांची गरज नाही. हीच दौड एप्रिल-मेमध्ये असती तर मी तुम्हाला नाही म्हटलं असतं. सोलापूरचा पारा तेव्हा ४० च्या वर जातो, आणि त्या दिवसांत नव्या माणसाने स्पर्धेत उतरू नये.

नंबराचा कागद छातीवर चार पिनांनी लावा, पाठीवर नाही, आणि त्याच्या मागे घरचा फोन नंबर लिहून ठेवा. कानात गाणी नकोत, कारण छोट्या दौडीत रस्ता पूर्ण बंद नसतो, मागून रिक्षा येते. कमानीखालून गेलात की लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतील. ते दोन-तीन दिवसांत जातं, पण एकाच सांध्यात दुखत राहिलं किंवा सूज आली तर दाखवून घ्या.