मतमोजणीनंतर

प्रिय मित्रा,

सस्नेह नमस्कार. तुझा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण एक गोष्ट खटकली. ग्रीक शोकांतिकांतून न्याय, सत्ता, कायदा यांवरची वाक्यं तू वेचलीस आणि त्यांनाच राजकीय विचार म्हणालास. वाक्य कोणाच्या तोंडी आहे, समोर कोण उभं आहे, ऐकून त्याच्यात काही हललं का, हे सोडलं तर हाती नुसती सुभाषितं उरतात.

एकच नाटक घे: एस्किलसच्या 'ओरेस्तेइया' या नाट्यत्रयीचा तिसरा भाग, 'युमेनिडीझ'. इ.स.पू. ४५८ मध्ये ते अथेन्सला डायोनिसस देवाच्या उत्सवात झालं. त्याआधी तीन-चार वर्षं एफिअल्टिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने अ‍ॅरिओपॅगस या जुन्या, वजनदार मंडळाचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते. खुनाचे खटले मात्र त्याच्याकडेच राहिले. पुढे लवकरच एफिअल्टिसचाच खून झाला. जखम ओली असताना एस्किलस त्याच अ‍ॅरिओपॅगसच्या जन्माची गोष्ट रंगभूमीवर आणतो.

आईला, क्लायटेम्नेस्ट्राला, मारणारा ओरेस्टीस आणि त्याच्या मागावरच्या सूडदेवता. नगरदेवता अथीना खटला चालवते, मतं समसमान पडतात, तो सुटतो. 'सूडाकडून कायद्याकडे' असं लिहून तू इथे थांबलास. नाटक थांबत नाही. पुढे अडीचशेहून अधिक ओळी आहेत, आणि मला विचारशील तर खरा ऐवज तिथेच आहे.

निकालानंतर सूडदेवता जमीन नासवण्याची धमकी देतात. अथीना म्हणते, तुम्ही हरला नाहीत, मतं सारखीच पडली. त्या तेच गाणं पुन्हा म्हणतात, शब्दन् शब्द तेच. ती पुन्हा समजावते. त्या नवं गाणं म्हणतात, मग तेही जसंच्या तसं पुन्हा. अपमान झालेल्याच्या कानात समजूत शिरत नाही, हे एस्किलसने नुसत्या पुनरुक्तीतून दाखवलंय. भाषांतरात तो मजकूर दुसऱ्यांदा दिसला की नजर पुढे सरकते. तू सरकू देऊ नकोस, मोठ्याने वाच. अथीनेच्या चौथ्या भाषणानंतर त्या पहिल्यांदा प्रश्न विचारतात: आम्हाला जागा कुठली देणार? धमकीचं रूपांतर मागणीत होतं ते या एका ओळीत. निकाल ज्यांच्या विरोधात गेला त्यांचं नगरात काय करायचं, हा लोकशाहीचा फार जुना प्रश्न आहे, आणि इथे तो प्रत्यक्ष घडताना दिसतो.

पण भारावून जाऊ नकोस. याच समजावणीत अथीना मध्येच सांगून ठेवते की देवांचा राजा झ्यूस याची वीज जिथे बंद आहे, त्या दालनाच्या किल्ल्या फक्त तिलाच ठाऊक आहेत. चौथ्या भाषणात ती भूमीत वाटा कबूल करते. शेवटच्या मिरवणुकीत मात्र सूडदेवतांसाठी शब्द येतो 'मेटॉइकॉय', म्हणजे नगरात राहणारे परके, ज्यांना मताचा अधिकार नसे. आणि क्लायटेम्नेस्ट्रा? सुरुवातीला तिच्याच भुताने या देवतांना झोपेतून उठवलं होतं. खटल्यात ओरेस्टीसच्या बाजूने बोलणारा देव अपोलो म्हणाला की आई ही खरी जन्मदाती नव्हेच. मला आई नाही, असं सांगून अथीनेने ओरेस्टीसच्या बाजूने मत दिलं. या तडजोडीत क्लायटेम्नेस्ट्राच्या वाट्याला काहीच येत नाही.

पहिलं प्रकरण या प्रवेशापासून सुरू कर. सूडदेवता नेमक्या कशाने वळल्या, मन वळवण्याने, वाट्याने की विजेच्या धाकाने, ते तुझ्या शब्दांत लिहून पाठव. वाट पाहतो.

तुझा,
सर