जुन्या वडाभोवती बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत, शेंडा वाळतोय. झाड वाचेल का? (ठाणे)

तुमचा वड घोडबंदर रोडला सोसायटीच्या कुंपणालगत, फुटपाथवर आहे आणि ब्लॉक बसवल्यानंतर वरच्या फांद्या वाळायला लागल्या, असं तुम्ही लिहिलंय. वड चिवट असतो, त्यामुळे अजून आशा आहे. फक्त उपाय जमिनीत करावा लागेल.

आधी खात्री करा. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास वडाची पानं गळतातच, तेव्हा घाबरू नका. भर पावसाळ्यातही शेंडा उघडा राहिला तर मुळांना हवा-पाणी मिळत नाहीये असं समजा. डहाळीची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर डहाळी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर मेलेली. हे वाळणं शेंड्यापासून खाली कुठवर आलंय ते फोटो काढून ठेवा.

आता ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. जुन्या वडाला तेवढी पुरत नाही, शक्य असेल तिथे दोन-तीन मीटर मागा. फुटपाथ पालिकेचा असल्यामुळे उद्यान विभाग आणि प्रभाग समितीला लेखी अर्ज देऊनच काम करा. ब्लॉक पहारीने, हाताने उचलायचे. जेसीबी आणि ब्रेकर जवळही येऊ देऊ नका, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं अगदी वर, बरेचदा ब्लॉकखालच्या ग्रिटमध्येच (बारीक खडीच्या थरात) असतात. ती उन्हात तासाभरात सुकतात, म्हणून जेवढा भाग उघडाल तेवढा त्याच दिवशी झाका. ग्रिट आणि सिमेंटचे तुकडे वेचून काढा, वर दोन इंच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि त्यावर तीन इंच पालापाचोळा पसरा. बुंध्याला काहीही टेकू देऊ नका, वीतभर अंतर सोडा. पार बांधून बुंध्याशी मातीचा ढीग घालतात, त्याने साल कुजते. रासायनिक खत तर मुळीच नको, दुबळ्या मुळांना ते जाळतं.

मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी, फांद्यांच्या घेराखाली जिथे माती उघडी आहे तिथे, पाइप बारीक सोडून पाणी द्या. पाणी किती मुरलं ते पाहायला लोखंडी सळई खुपसा, हाताने फूटभर आत गेली की पुरे.

पारंब्या वाहतुकीला अडतात म्हणून सरसकट छाटतात, हे मला सर्वांत जास्त खटकतं. आडव्या फांदीचा भार पुढे त्याच पेलतात. एखादी चांगली पारंबी निवडा, उभ्या चिरलेल्या बांबूत ओलसर माती भरून तिला त्यातून जमिनीपर्यंत आणा आणि बांबू सुंभाने बांधा. ती रुजून जाड होऊ लागली की बांबू काढून घ्या.

ढोलीत सिमेंट भरू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचून कूज वाढते. खिळे, रोषणाईच्या वायर आणि वटपौर्णिमेला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा काढून टाका. सुती दोरा आपोआप कुजतो. तार सालीत रुतली असेल तर ओढू नका, बाहेर दिसणारी टोकंच कापा.

गटार किंवा केबलसाठी खोदाई होणार असेल तर छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. घेर तीन मीटर असेल तर व्यास साधारण ९५ सेंटीमीटर. व्यासाच्या तिपटीच्या आत, म्हणजे सुमारे तीन मीटरच्या आत, चर खणला तर झाडाला धरून ठेवणारी मुळं तुटतात आणि पहिल्याच वादळात ते आडवं होऊ शकतं.

शेवटी कागदपत्रं. राज्याच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. वडाचं वय घेरावरून नीट कळत नाही, कारण पारंब्या बुंध्यात मिसळून जातात. म्हणून गावठाणातल्या जुन्या माणसांच्या आठवणी लेखी, सहीनिशी घ्या. त्यांच्या घरातल्या लग्नाच्या, मुंजीच्या फोटोंत मागे हा वड दिसतो का पाहा. जुन्या सातबाऱ्यावर झाडाची नोंद असेल तर उत्तमच. हे सगळं जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा, वृक्षगणनेत या झाडाची नोंद आहे का ते विचारा आणि पोच घ्या. तोडण्याचा प्रस्ताव आलाच तर त्याची नोटीस झाडावरही लावावी लागते, तेव्हा येता-जाता बुंध्यावर नजर ठेवा आणि नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या.